धुऱ्यावरचा पाला

सोयाबीन सोंगताना विळा बोटावर आला.
पेंडीवर रक्त.
पैकूबाईनं आपल्या पातीतून मान न उचलता विचारलं,
"हाड दिसते का?"
नाही दिसत.
"मंग चाल."

धुराभर कंबरमोडी लोळत पडलेली,
आणि लोळता लोळता मध्येच ताठ उठलेली एकेक दांडी,
टोकाला एकच फूल.
मी वाकले.
"थो नोको."
पुढे दुसरा झुपका. तोही नको.
बोट मुठीत आवळून मी तिच्यामागं,
पऱ्हाटीची चार वावरं ओलांडत,
पायाखाली औषध तुडवत.

शाळेमागच्या हापशीशी ती थांबली.
आधी बोट धारेखाली, पाणी निवळेस्तोवर.
मग एक पान तोडून हुंगलं.
"इथं फवारा नाही.
धुऱ्यावर पंप फिरते. पाल्याले का मालूम,
कोणतं पाणी आभायातलं अन् कोणतं डब्यातलं."

पान माझ्या चांगल्या हातात दिलं.
मांजराच्या जिभेसारखं खरबरीत, काठाला करवत.
फुलाच्या मधोमध हळद,
भोवती मोजक्या पांढुरक्या पाकळ्या,
आणि पाकळीच्या टोकाला तीन दात,
मुंगीला असावेत एवढे.

शेजारीच गाजरगवत. तेही पांढरंच फुललेलं.
"हे भुलवते. याच्या दांडीवर फुलांचा बाजार,
हिच्या दांडीवर एकटं.
आमच्या रुखमीनं पांढरं पाहून हेच चोळलं होतं,
पंधरा रोज हात खाजवत बसली."

पाला धुतला. दगड धुतला.
ठेचून रस पिळला तेव्हा
डोळ्यांतून पाणी आलं माझ्या.
"झोंबू दे. खरचटलं, कापलं, येवढ्यापुरतंच हाय हे.
पोटात घ्याचं नाही. खोल लागलं तं भरून ठेवाचं नाही.
अन् खिळा रुतला, कुत्रं चावलं,
तं माह्याकडे यायचंच नाही."

धुतलेल्या दस्तीची चिंधी फाडून तिनं गाठ मारली.
डोळे मिटले.
मला वाटलं, आता काही पुटपुटेल,
देवाचं नाव, झाडाचं नाव,
तिच्या आजीनं कानात सांगितलेलं काहीबाही.

"धनुर्वाताची सुई कवा घेतली होती?"

आठवेना.

"उद्या सिस्टर येते उपकेंद्रात. घेऊन टाक.
अन् चाल आता, पात तशीच पडली हाय.
मी सोंगतो तुही.
मजुरी अर्धी अर्धी."