छाट

फिल्म क्लबात आम्ही अकरा जण,
त्यातले दोघे पंख्यासाठी येतात.
वाचनालयाचा वरचा हॉल, एप्रिल,
भिंतीला हात लावला की चटका,
आणि पडद्यावर एस्टोनिया:
बर्फ, बंदर, मासळीचा कारखाना,
कुणी कुणाशी बोलत नाही.
बुर्ला सरांनी हार्ड डिस्क पुण्याहून आणली होती
टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर.

मी शुक्रवारी रकाना लिहिते. अडीचशे शब्द.
संपादक हंचाटे म्हणतात, गोष्ट सांगा, चांदण्या द्या,
आणि ‘दृश्यभाषा’ हा शब्द महिन्यातून एकदाच.

त्या रात्री मी लिहिलं:
नायिकेच्या हातांवर कॅमेरा नऊ मिनिटं थांबतो.
ती डब्यात मासे रचते, डोकं शेपटी, शेपटी डोकं.
या हातांत अभिनय नाही, आयुष्य आहे.
वाक्य मला आवडलं.
दोनदा मोठ्यानं वाचलं.

दुसऱ्या दिवशी घरकुलात, लॅपटॉपवर,
पुन्हा लावला, नोंदी तपासायला.
आई मागे येऊन बसली,
मांडीवर सूप नाही, तर हातांचं काय करावं
हे अजून न कळलेली.
चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं,
रोज हजार, आणि चेकरनं फेकलेल्या छाट
त्या वेगळ्या, बिनपैशाच्या.
खालून इंग्रजी अक्षरं सरकत होती.
तिला त्यांचा काही त्रास नव्हता.

नऊ मिनिटं ती हलली नाही.
मग तेलुगूत म्हणाली, “अबद्धम.”
खोटं.
“अंगठा बघ तिचा. नख शाबूत.
आणि ही करंगळी अशी वर?
रोज एवढे मासे रचणारीला परवडेल का?”

आई, हिला बक्षीस मिळालंय. मोठ्या महोत्सवात.

“मिळू दे की. आपल्याला कुठं कामाला लावायचीय.”

मग भोंगा झाला. सगळ्या बाया उठल्या.
ही उठता उठता अजून एक मासा ठेवून गेली.
आई पुढे सरकली.
“हे खरंय,” म्हणाली,
“हे कुणी सांगितलं त्यांना?”

शेवटी बाई धक्क्यावर उभी. बर्फ. काळोख. नावं.
“छाटीचे पैसे कापले का तिचे?”
दाखवलं नाही.
“मग दोन तास दाखवलं काय?”
पण नावं संपेपर्यंत उठली नाही.
“पडताना आवाज होत नाही बर्फाचा?
का यांनी बंद केलाय?”

मला माहीत नव्हतं.
माझ्या सतरा परीक्षणांत बर्फ आहे.

रात्री ते वाक्य खोडलं.
अंगठा लिहिला, करंगळी लिहिली,
शेवटच्या परिच्छेदात भोंगा लिहिला, जपून.
चांदण्या किती, विचारलं,
तर तिनं पंजा उघडून दोन बोटं मुडपली,
अगदी चेकरसारखी, चेहऱ्यावर काही न आणता.

शुक्रवारी शेवटच्या परिच्छेदाच्या जागी
साड्यांच्या सेलची चौकट होती.
भोंगा गेला.
अंगठा राहिला, ‘नख शाबूत’पर्यंत.

आईनं बोटानं माझं नाव शोधलं,
तीन चांदण्या मोजल्या,
चौकटीच्या कडेवर थोडी थांबली.
तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, पाणी आलं,
पाच दिवसांनी.
ती उठली,
आणि उठता उठता
पेपरची घडी घालून गेली.