अठ्ठेचाळीस-ब

जूनमध्येच कळायला हवं होतं.
लिलीला कळ्या आल्या, पण दांडे गुडघ्याएवढेच,
आणि खालची पानं पिवळी, जणू सप्टेंबर लागला.
इल्ग्वार्स कुंपणापलीकडून म्हणाला, पाणी कमी पडतंय.
आठवड्यानं म्हणाला, पाणी जास्त होतंय.
मग फवारणीची बाटलीच घेऊन आला:
लाल कोळी असणार.
मी पान उलटं करून दाखवलं.
जाळं नाही, ठिपका नाही.

ऑगस्टात एक दांडा नुसता धरला
आणि तो वर आला, सहज,
दुधाचा दात येतो तसा.
खाली मुळंच नव्हती.
कंदाच्या बुडाशी तपकिरी भुगा,
आणि वास, तळघरात विसरलेल्या बटाट्याचा.

ओयार्सचं भिंग अजून खणात होतं.
ते डोळ्याला लावून चाळीस वर्षं त्यानं
रेझेक्नेतल्या लोकांची घड्याळं उघडली.
मी ते भुवईखाली आवळून धरलं, त्याच्यासारखंच,
आणि भुगा हलला.

सांगायला लाज वाटते, पण सुंदर होते.
दुधी, गोल, चकचकीत,
पाठीत दोन काळसर डाग, पाय तांबूस,
आणि घाई म्हणून नाही.
पानावरचे कोळी पळतात.
हे चालत होते
चर्चमधून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.
मुळावर उठलेल्यांना एवढी सवड असते
हे मला माहीत नव्हतं.

मऊ पडलेले कंद चुलीत घातले.
खताच्या ढिगात नाही, तिथे ते मजेत हिवाळा काढतात.
बाकीचे जामच्या मोठ्या पातेल्यात,
एकोणचाळीस अंशांवर, दोन तास.
त्याहून तापलं तर कंद शिजतो,
निवलं तर किडे आंघोळ करून निघतात.
थर्मामीटर घरात एकच, तापाचा.
बुडवायचा, वाचायचा, झटकायचा, पुन्हा बुडवायचा.
एकोणचाळीस.
शेवटच्या आठवड्यात ओयार्सचाही एवढाच होता,
तेव्हाही मी अशीच उभी होते,
एका हातात गार पाणी.

तेरा कंद वाचले. ते सुकवून दुसरीकडे लावले,
जुन्या वाफ्यात राय पेरली.
आणि हात धुताना आठवलं
मी कुणाकुणाला दिलेत.

ही लिली त्यानंच निपजवली होती,
वहीत नुसता आकडा: अठ्ठेचाळीस-ब.
नाव ठेवायचं राहूनच गेलं.
तो गेला त्या वर्षी मी गावभर कंद दिले,
वेल्टाला, मिर्द्झाला, शाळेच्या फाटकापाशी,
कबरींच्या सणाला निम्म्या दफनभूमीत तीच फुलली होती.
वाण वाटता वाटता
गुणही वाटून बसले होते.

भिंग खिशात घालून दारोदार गेले.
मिर्द्झानं आत बोलावलं नाही.
वेल्टा ऐकून खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली:
दोन वर्षं मी समजत होते
माझ्या हाताला यश राहिलं नाही.

इल्ग्वार्सच्या बायकोच्या कबरीवर सात होते.
तिथली माती सारखी ओली दिसायची,
मग एकदम कोरडी ठाक.
आता कळलं, पाण्याचं तो कुणाला विचारत होता.
सातही भुगा. एकाच्या वरच्या पाकळ्या तेवढ्या टणक,
त्या मी एकेक सोलल्या, कोमट पाण्यातून काढल्या,
ओल्या शेवाळासकट पिशवीत भरल्या.
पाकळीच्या तळाशी गव्हाएवढा कंद धरतो, मी म्हटलं.
आणि फूल?
तीन वर्षं. चार.
त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं,
त्याचं वय असेल, किंवा माझं,
आणि कानामागची पेन्सिल काढली.
पिशवीवर नाव काय घालू?

अठ्ठेचाळीस-ब, मी म्हटलं.
ब जरा नीट काढ.