शब्दाला पाच सेंट

डुलुथला, लाँड्रीवरच्या खोलीत
मंगळवारी आम्ही सातजण.
आर्वो लोहखनिजाच्या बोटीवर मेकॅनिक,
त्याच्या ग्रहाला दोन चंद्र.

हाउगेनबाईंनी चष्मा पुसत विचारलं,
"भरती कितीदा येते तिथे?
आणि पाव केवढ्याला?"

आर्वो गप्प.
खाली ड्रायर घरघरत राहिला.

घरी जाऊन त्यानं एक चंद्र खोडला.
एकशेवीस शब्द गेले,
म्हणजे रोख सहा डॉलर,
मासिकानं घेतली असती तर.

अकरावा नकार आला तेव्हा
वहीत तारीख मांडली, टपालखर्च मांडला,
आणि बसला पावाचा भाव ठरवायला.

उजाडता उजाडता त्या ग्रहावर
एक भटारीण उठली.
भरतीनं पीठ भिजवलं म्हणून
उरल्या चंद्राला शिव्या घालत
भट्टी फुंकू लागली.