बारा ते चार

हिद्दच्या गोदीत एक जहाज एकवीस दिवस कोरडं उभं होतं,
आणि कंपनीला ते दोन मिनिटांत बघायचं आहे.
मी वेग दहा हजार टक्के केला,
त्याहून जास्त हे सॉफ्टवेअर देत नाही.
सकाळ सुरळीत गेली.
शिड्या चढल्या, बुडाचे शिंपले खरवडून पडले,
गंजाचा एक पट्टा कुणी ओल्या हाताने पुसावा तसा गेला.
मग बारा वाजले आणि चित्र अडकलं.
खालची रेघ पुढे पळाली,
चित्र तिथेच, रुसलेल्या पाहुण्यासारखं,
एक पाय उंबऱ्याबाहेर.

सगळे करतात ते मीही केलं.
दर्जा निम्मा, मग पाव. माणसांचे ठिपके झाले,
ठिपकेही अडकले.
कॅशे रिकामा केला.
प्रॉक्सी बनवत लॅपटॉप रात्रभर घोंघावला.
ग्राफिक कार्डाचा भार काढून प्रोसेसरवर टाकला,
म्हणजे एका जावेचं काम दुसरीच्या गळ्यात.
शेवटी बंद करून पुन्हा चालू,
जो उपाय मी नवऱ्यावरही करते.

रोज बाराला अडकायचं. चारला आपोआप सुटायचं.
शुक्रवारीसुद्धा,
गोदीत चिटपाखरू नसताना.

तेवढ्यात आईचा आवाजी निरोप आला.
तिचे निरोप मी दीडपट वेगाने ऐकते.
तिला हे ठाऊक नाही.
दीडपट वेगात ती रागावल्यासारखी वाटते,
आणि मी उत्तरही तसंच देते.

क्रेनच्या खांबाला जुना फोन ज्याने बांधला
तो लतीफ मुकादम. हर्णैचा.
आडनाव मुकादम, कामही मुकादमाचं.
चौथ्या दिवशी त्याला फोन लावला.
"दुपारचा तापायचा गो तो," म्हणाला,
"ओलं फडकं गुंडाळायचो,
तरी धापा टाकायचा."

धापा.
सेकंदाला तीस चौकटी टिपणारा फोन
उन्हात अकरा टिपायचा, कधी सात,
कधी एक टिपून पुढचं विसरायचा.
इकडे मी तिसावी चौकट मागत होते,
आणि ती कुठे नव्हतीच.
तीन रात्री मी माझ्या यंत्राला बोल लावले.
ऊन फाइलमध्ये होतं.

मग क्लिप एका फुकट प्रोग्रॅममधून काढली.
तो गती एकसारखी करतो:
जिथे क्षण सांडला असेल
तिथे आधीचाच क्षण पुन्हा वाढतो,
भाजी संपल्यावर आपण रस्सा वाढतो तसा.
पंक्तीला कळत नाही.

आणि दुपार पहिल्यांदा चालली.

जहाजाच्या पोटाखाली सावलीची पट्टी.
तिच्यात पुठ्ठ्यांवर चौदा-पंधरा जण झोपलेले.
साध्या वेगात कुणी हलत नाही,
मी ताडून पाहिलं, वीस मिनिटं.
वाढवलेल्या वेगात अख्खी ओळ सरकते.
सावली पूर्वेला, ओळ पूर्वेला.
कुणी जागं होताना दिसत नाही,
कुणी कुणाला उठवत नाही.
कडेचा एक जण मात्र
सारखा पाय आत घेतो.
मी ते अकरा वेळा पाहिलं. चहा निवला.

कंपनीच्या शादी साहेबांनी पहिला मसुदा बघून कळवलं,
बारा ते चार काढून टाका,
त्यात काही घडत नाही.
काढलं.
बारावरून थेट चारवर.
सांधा दिसू नये म्हणून
उन्हाचा पिवळा थोडा कमी केला.
बिल पाठवलं.

कापलेली एक दुपार लतीफला पाठवली, उगाच.
रात्री अकराला त्याचं उत्तर:
"कडेचा तो आमचा मोतालेब.
घोरतो बघ किती.
तुझ्या ह्याच्यात ते ऐकू नाही येत."

दहा हजार टक्क्यांत घोरण्याचं नुसतं कुसळ उरतं.
पहिल्याच दिवशी
आवाज मीच बंद केला होता.