पेपर दुसरा

मे महिना. साडेसहाला नळ येतो.
मी कूलरच्या टाकीत पाइप सोडून उभा राहतो
आणि नेमका तेव्हाच उत्पलाचा फोन,
तिथे रात्रीचे दोन, तिची चहाची वीस मिनिटं.
इंदोऱ्याची माझी भाची, मेयोत सहा वर्षं स्टाफ नर्स,
आता इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात
अकरा ते वीस नंबरच्या खोल्या तिच्याकडे.

"मामा, पाचाचे दहा करताहेत म्हणे."
"कशाचे?"
"वर्षांचे. कायमचं राहू देण्याआधीचे.
आधी आलेल्यांनाही लावतील, म्हणतात.
तुम्ही शिकवायचे ना त्यांचं सरकार?
मग सांगा, असं करता येते?"

एकतीस वर्षं शिकवलं. रात्रमहाविद्यालय, बी.ए. भाग दोन,
पेपर दुसरा : ब्रिटिश शासनव्यवस्था.
संविधान अलिखित. संसद सार्वभौम.
एक संसद पुढच्या संसदेचे हात बांधू शकत नाही,
याखाली दोन रेघा मारा, हमखास येणार.
पोरं मारायची, दिवसभर पोती उचललेल्या हातांनी, वाकड्या.
मला ते वाक्य आवडायचं. उघड्या खिडकीसारखं.
खिडकीतून वचनंही बाहेर टाकता येतात,
हे अभ्यासक्रमात नव्हतं.
भरल्या ताटावरून उठवणं म्हणतात याला आपल्याकडे.
तिकडे काय म्हणतात, ते मी कधी शिकवलं नाही.

शेवटच्या बाकावर झनकलाल शेंदरे, कळमन्याच्या मार्केटात हमाल.
एकदा उठून म्हणाला,
"सर, लिहिलंच नाही, तर ठाणेदाराले दाखवाचं काय?"
वर्ग हसला. मी म्हणालो, संकेत. परंपरा.
सभ्य माणसांचा एकमेकांवरचा विश्वास.
तो बसला. मग स्वतःशीच, पण मला ऐकू येईल असं,
"आमच्या गावात विहिरीचंबी कुठी लिहून नोहोतं."

त्या दिवशी मी तास लवकर सोडला.

उत्पलाला हे सांगत नाही.
तिला सांगतो, राज्य म्हणजे एक करार असतो.
त्यांच्याच एका जुन्या विचारवंताचं म्हणणं,
राजरस्त्यावरून नुसतं चाललात
तरी तुमची संमती धरली जाते.
"मी तर रोज चालते, मामा. बस चुकली की तीन किलोमीटर.
माझी धरली. त्यांची कुठी धराची?"

मी पाइप उगाच हलवतो. मग, मास्तरकी जात नाही म्हणून,
पडद्याची गोष्ट काढतो :
आपण कोण, हे विसरून बसा.
जात, पैसा, पासपोर्ट, काही आठवू नका,
मग कायदा करा, तो न्याय.
अर्थात हा नुसता विचारप्रयोग, असा माणूस नसतो कुठे.

"आहे ना," ती म्हणते. "सोळा नंबर.
मिस्टर हॅलम. बाहेरच्यांना आवरा, अशी पत्रकं वाटायचे दारोदार,
त्यांची लेक सांगते, खाली बघून.
आता पक्ष आठवत नाही, लेक आठवत नाही.
सॉरी आणि प्लीज तेवढं राहिलं.
रोज रात्री कूस बदलून दिली की हात धरून विचारतात,
आपल्याला राहू देतील ना इथे?"

"मग तू काय सांगते?"
"विचारून सांगते, म्हणते."

घंटा वाजली असावी कुठल्याशा खोलीत. फोन बंद.

इंग्रजीत त्याला एकच शब्द.
आम्हाला की आपल्याला,
हे म्हाताऱ्यानं ठरवलेलं नव्हतं.
ते उत्पलानं निवडलं,
रात्री दोन वाजता, उभ्या उभ्या.

टाकी भरून पाणी अंगणात आलं तरी मी तसाच.
"सर, वाया चाल्लं ना जी पाणी!"
शेवंताबाई ओरडल्या, पलीकडून. त्यांचा नळ आठवड्यापासून कोरडा.
मी पाइप भिंतीवरून
त्यांच्या ड्रमात सोडला.