मिटवून दाखव

हेमलताबाई गजघाटे उमरेडहून एसटीनं आल्या
आणि माझ्या शेडात उभ्याउभ्याच म्हणाल्या,
पाल पाहिजे मले. पुस्तकाच्या दुकानाचं.
दसऱ्याचे तीन दिवस, दीक्षाभूमीच्या रस्त्याले.
बांबू नाही, दोर नाही,
खुट्या ठोकाले पोऱ्या नाही माह्याजवळ.

सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर लिहून घेतलं:
एसटीच्या सीटखाली जाईल एवढी लांबी.
एकट्या बाईनं उघडावं.
डांबराला भोक पाडायचं नाही.
चौथी अट त्या बोलल्या नाहीत,
मलाही विचारायची सुचली नाही.

बाप सीताबर्डीवर छत्र्या दुरुस्त करायचा.
त्याच्या डब्यात काड्या, तारा, आणि घोडे, नुसते घोडेच जास्त.
म्हणायचा, छत्रीत आधी घोडाच जातो,
कारण लोक छत्री उघडतात पाहून
आणि मिटतात रागानं.
मी ऐकायचो तेव्हा. काड्या मोजत ऐकायचो.

पाईप आणला सव्वा इंची, सोळा गेज.
दोन-दोन तुकडे कात्रीसारखे, मधे रिवेट,
एक कोपरा ओढला की चारही कोपरे चालू लागतात.
सांध्यात नायलॉनचे बुश बसवले,
असे घट्ट की शकूर म्हणाला, उस्ताद, मक्खन.

मे महिन्यात पहिला सांगाडा शेडाच्या दारात उभा केला.
पारा शेहेचाळीसवर. पाईपाला हात लावायची सोय नव्हती.
हेमलताबाईंनी पदरानं धरून हलवून पाहिला,
भोवती एक चक्कर मारली.
मी कौतुकाची वाट बघत होतो.
उभं तर कोणीबी करते, त्या म्हणाल्या.
मिटवून दाखव.

मिटेना.
उन्हानं बुश फुगले होते,
रुसलेल्या जावयासारखे पाईपात बसून राहिले.
मी ओढला, शकूरनं ओढला, हातोडी घातली,
आणि सुटला तो एकदम सुटला,
माझं बोट मधे धरून.

त्यांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी बोटावर ओतलं.
तिसऱ्या रात्री अकरा वाजते रे भाऊ.
पाय सुजून राहते. उरलेली पुस्तकं बांधाची असते.
शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही.
उघडताना काय, माणूस ताजाच असते.

मग पिशवी उलटी केली.
कोऱ्या बाजूला आधी काढला मिटलेला गठ्ठा,
एका थकलेल्या काखेत मावेल असा,
आणि तिथून मागे मागे आलो, उभ्या पालापर्यंत.
पिना सुतळीनं बांधल्या, अंधारात हरवू नयेत म्हणून.
धरायच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली,
डोळ्यांआधी हाताला कळावं.
वरचे पाईप अठरा गेजचे केले, अडीच किलो उतरले.
शेवटी बुश घासले. पाव मिलिमीटर. थोडे अजून.
आता खडखडतं, शकूर नाराज झाला.
खडखडू दे, म्हटलं.
मेमध्ये जे मक्खन असेल
ते ऑक्टोबरात ढिलं असणारच,
ती ढील मी मुद्दाम ठेवली आहे.
हे बोललो तेव्हा पोटात धाकधूक होतीच.

पैसे त्यांनी दोन हप्त्यांत दिले
आणि वर एक पुस्तक. ते अजून अर्धंच झालंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री पावणेबाराला फोन.
मागे इंजिनचा आवाज, कोणाचं तरी रडणारं लेकरू.
अडीच किलोची पुस्तकं जास्तीची नेली होती म्हणे या वेळी,
त्यातलं एकच परत चाललं, तेही कोपरा दुमडलेलं.
मी विचारलं, मिटलं का नीट?
मिटलं म्हणून त गाडी भेटली न बाबू.
पण सीटखाली लय खडखडून राहिलं तुमचं,
कंडक्टर दोनदा वाकून पाहून गेला.
घे, ऐक.

आणि त्यांनी फोन खाली धरला.
उमरेड रोडचे खड्डे एकेक करून येत गेले.
मी अंथरुणात उठून बसलो,
कानाला फोन,
पाव मिलिमीटर ऐकत.