डावभर पाणी

फॉर्मवर शेवटी एक चौकोन आहे : कारण.
खाली बारीक अक्षरांत : एकच लिहावे.

मी कीटकनाशक खात्यातला.
माझ्याकडे शिडी, टॉर्च आणि लांब दांड्याचा पांढरा डाव.
डाव तिरका बुडवायचा, पाण्यावर सावली पडू द्यायची नाही.
सावली पडली की अळ्या तळाशी जातात,
मास्तर आल्यावर पोरं बाकाखाली जातात तशा.
मग थांबायचं.
श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं.

आज शिवडीत. केस क्रमांक सत्तेचाळीस,
मिताली घाग, वय नऊ. डेंग्यू.
परवा गेली.
बाप दारात उभा. त्याने एवढंच विचारलं,
"कुठला डास?"
जणू मी त्याला पत्ता लिहून देणार होतो.

पत्ता शोधत निघालो.
चाळीत पाणी येतं पहाटे चार वीसला, जातं पाचला.
उरलेले तेवीस तास वीस मिनिटं ते पिंपात बसून असतं.
आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करा, घासा, म्हणालो.
नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात
महिनोन् महिने कोरडी, भावकीतल्या भांडणासारखी,
थेंब पडायचा अवकाश.
यशोदा धुळप म्हणाल्या, "करते की.
आणि त्या दिवशीचं धुणं काय तुमच्या डावाने धुऊ?"
मी खाली बघितलं. पिंपात माझा चेहरा होता
आणि त्याच्यात वळवळ.

समोर टॉवर चढतोय.
स्लॅबवर पाणी बांधून ठेवलंय, सिमेंट पिकायला सात दिवस लागतात.
डास पिकायलाही साधारण तेवढेच.
लिफ्टच्या खड्ड्यात मोइनुल भेटला, मालद्याचा,
भर दुपारी गोधडीत.
त्याला वाटलं होतं, हिवताप गावीच राहिला.
ताप त्याच्या यकृतात झोपून आला, बिनतिकीट.
रक्त दे म्हटलं, तर मुकादमाकडे बघत राहिला :
आजारी ठरला की हजेरी कापतात.
लोक म्हणतात, यांनी आणला.
आणला असेल. पण त्याला घरोघरी नेला तो आमच्याच डासांनी,
अगदी पाहुणचार केल्यासारखा.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये बाविसाव्या मजल्यावर खोना बाई,
"एवढ्या उंच कुठून येणार डास?"
"लिफ्टने येतात, बाई."
फ्रिजमागच्या ट्रेमध्ये तीस-चाळीस होत्या,
काचेच्या बरणीत, बांबूच्या मुळांशी, आणखी.
बांबू सुखसमृद्धीसाठी ठेवला होता.
१४०३ ला कुलूप. मालक मस्कतला.
तिसरी नोटीस मी दुसरीवर चिकटवली.

गच्चीवर निळी ताडपत्री, तिच्या प्रत्येक घडीत ओंजळभर आभाळ.
ऑगस्टात आठ दिवस उघडीप पडली,
माणसांनी गाद्या उन्हात टाकल्या,
बरं वाटलं सगळ्यांना.
मला घाम फुटला.
धो धो पडतो तेव्हा अळ्या वाहून तरी जातात,
थांबतो तेव्हा त्या मोठ्या होतात.
आणि आमच्या चौकीत शिड्या सहा, माणसं चार,
त्यांतला एक निवडणुकीच्या ड्युटीवर.

संध्याकाळी गॅरेजमागे एक टायर सापडला.
त्यात पाणी, पाण्यात पान, पानाखाली त्या.
मुलीच्या घरापासून साठ पावलं. मी मोजली.
हाच असेल. नसेलही.

चौकोन अर्ध्या बोटाएवढा.
त्यात नळाची वेळ मावत नाही,
मुकादम मावत नाही, मस्कत मावत नाही,
आठ दिवसांचं ऊन तर नाहीच.
मी लिहिलं : टायर.
सही केली.

रात्री घरी टॉर्च घेऊन मोरीत गेलो.
आमचं पिंप. झाकणाला चीर, दोन वर्षं तशीच.
बायको म्हणाली, "ओतू नका हं,
उद्या पाणीकपात आहे."
मी टॉर्च विझवला,
मग पुन्हा लावला,
सावली पडू न देता वाकलो
आणि थांबलो.